पट्टे आवळून मास्क बसत नाही

पत्र

नमस्कार. माझ्या यजमानांचं वय ६१. त्यांच्या घोरण्याची घरात सगळ्यांना सवय झाली होती, पण मागच्या वर्षी झोपेत श्वास अडकून ते दचकून उठायला लागले आणि दिवसा बसल्या जागी त्यांचा डोळा लागायला लागला. स्लीप स्टडीत तासाला ३८ वेळा श्वास अडतो असं निघालं. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप मशीन दिलं, म्हणजे नळीतून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं आणि दाब गरजेप्रमाणे स्वतः बदलणारं. प्रेशर ६ ते १४ ठेवलंय. हे तोंड उघडं टाकून झोपतात, उजवी नाकपुडी कायम चोंदलेली. म्हणून मशीन देणाऱ्या माणसाने नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क सुचवला आणि चेहरा मोठा आहे म्हणून लार्ज साइझ दिला.

झोपताना मास्क व्यवस्थित बसतो. रात्री दोन-अडीचला मात्र शिट्टी वाजायला लागते, हवा थेट डोळ्यांत जाते. सकाळी डोळे लाल आणि नाकाच्या दांडीवर वळ. तक्रार केली की ‘पट्टे घट्ट करा’ एवढंच उत्तर मिळतं. घट्ट केले तर वळ वाढतो, शिट्टी काही थांबत नाही. शेवटी हे वैतागून मास्क काढून फेकतात आणि पुन्हा घोरायला लागतात. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतूनही सारखी हवा येते, ती माझ्या अंगावर येते. त्यावर चिकटपट्टी लावली तर चालेल का?

यांना झुपकेदार मिशी आहे. वरची कवळी रात्री काढून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय. एका नातेवाइकांनी त्यांचा स्वतःचा मास्क दाखवला. त्याच्या पट्ट्यांना लोहचुंबकाचे चाप आहेत, चटकन लागतो, चटकन निघतो. हे म्हणतात तोच घेऊ. की नुसता नाकाचा छोटा मास्क घ्यावा? सगळ्यात चांगला फुल फेस मास्क कोणता, ते एकदा सांगून टाका.

– एक वाचक

उत्तर

ताई, पेसमेकरचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता केलाय. मी सुरुवात तिथूनच करते.

तो चुंबकाचा मास्क घेऊ नका. नातेवाइकांचा मास्क ‘एक रात्र घालून बघू’ असंही करू नका. फिलिप्सने २०२२ मध्ये आणि रेसमेडने २०२३ मध्ये आपापल्या चुंबकवाल्या मास्कांबद्दल जाहीर इशारे दिले आहेत. चुंबकामुळे बिघडू शकेल असं उपकरण किंवा धातूचा तुकडा ज्यांच्या शरीरात आहे, त्यांनी असे मास्क वापरू नयेत. त्यांच्या अगदी शेजारी झोपणाऱ्या माणसानेही वापरू नयेत. चुंबक अशा उपकरणापासून निदान सहा इंच, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर लांब हवा, असं सांगितलं जातं. बसलेल्या माणसाकडे पाहिलं तर गालाजवळचा चाप आणि छातीच्या वरच्या भागातला पेसमेकर यांत तेवढं अंतर आहे असं वाटेल. पण कुशीवर, हनुवटी छातीशी घेऊन झोपलेल्या माणसात ते किती उरतं बघा. आणि तुमचे यजमान तर रात्री मास्क काढतात. अर्धवट झोपेत काढलेला मास्क बहुतेक वेळा छातीवरच पडतो.

चुंबक जवळ आला की बरेचसे पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न पाहता एका ठरावीक गतीने चालायला लागतात. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना उपयोगी पडावं म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली असते, अंथरुणात तिचं काही काम नाही. झटका देणारं उपकरण, म्हणजे आयसीडी असेल, तर झटका देण्याचं कामच तेवढ्या वेळेपुरतं थांबू शकतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, मेंदूतलं पाणी काढणारा शंट, ऐकू यावं म्हणून कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, हे सगळं याच यादीत येतं. तुमच्या स्वतःच्या शरीरात यातलं काही असेल तर तोही हिशेब धरा.

आणि आत्ता वापरात असलेला मास्कही आज तपासा. चापाजवळ एखादी टाचणी धरा. चिकटली तर तो मास्क तिथेच थांबवा आणि बिनचुंबकाचा मिळेपर्यंत काय करायचं ते डॉक्टरांना लगेच विचारा. काही मास्कांच्या बाबतीत नुसते चाप किंवा पट्टे बदलून भागतं, सगळा मास्क टाकावा लागत नाही.

आता चिकटपट्टी. अजिबात नाही. ती छिद्रं म्हणजे मास्कचा दोष नाही, तो व्हेंट आहे. मशीनकडून एकच नळी येते आणि ती हवा आत ढकलत असते. सोडलेला श्वास बाहेर जायला वाट फक्त त्या छिद्रांची. ती बुजवली तर माणूस स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा आत घेत राहील, कार्बन डायऑक्साइड साठत जाईल. फुल फेस मास्कमध्ये तर नाक आणि तोंड दोन्ही आत असतात, म्हणून त्याला आणखी एक झडप दिलेली असते. वीज गेली किंवा मशीन बंद पडलं तर ती उघडते आणि बाहेरची हवा आत येऊ देते. मास्क धुतल्यावर ती झडप मोकळी हलते आहे का, फाटलेली किंवा साबणाने चिकटलेली नाही ना, हे रोज पाहायची सवय लावा. व्हेंटचा झोत तुमच्या अंगावर येतो ही तक्रार मात्र रास्त आहे. काही मास्कांत हवा एका झोताने येते, काहींत खूप बारीक छिद्रांतून पसरून, आवाज न करता येते. नवा घेताना मशीन चालू करून व्हेंटसमोर हात धरून बघा.

याच ओघात एक धोक्याची गोष्ट. रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरला लावायचे काही फुल फेस मास्क बिनव्हेंटचे असतात. त्यांना ही छिद्रंच नसतात, कारण तिथे श्वास बाहेर जायची सोय नळीत वेगळी केलेली असते. पुष्कळदा त्यांचा कोपऱ्याचा जोड निळसर असतो, पण रंगावर विसंबू नका. कुणी ‘आमच्याकडे एक नवाकोरा पडून आहे’ म्हणून प्रेमाने दिला, तर आधी व्हेंट शोधा. सापडला नाही तर तो मास्क घरच्या सीपॅपला लावायचा नाही.

आता शिट्टी. तुम्ही लिहिलंय की झोपताना मास्क व्यवस्थित बसतो आणि दोन-अडीचला बिघडतो. हे वाचल्याबरोबर निम्मं निदान होतं. ऑटो मशीन सुरुवातीला ६ च्या आसपास असतं. माणूस गाढ झोपला, पाठीवर आला, स्वप्नांच्या झोपेत गेला की घसा जास्त मिटतो, म्हणून मशीन प्रेशर चढवत नेतं, १२, १३, १४. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते, म्हणजे मास्कची खरी परीक्षा तेव्हाच असते. शिवाय झोपेत चेहरा सैल पडतो, जबडा खाली येतो आणि चेहरा चक्क लांब होतो. पलंगाच्या कडेवर बसून, तोंड मिटून, कमी प्रेशरवर जो मास्क बसवला, त्याला रात्री अडीचला भलताच चेहरा भेटतो.

त्यात साइझ लार्ज. डोकं मोठं, चेहरा भरलेला, म्हणून मास्क मोठा, हा हिशेब सर्रास केला जातो आणि तो चुकीचा आहे. डोक्याच्या आकाराचा संबंध पट्ट्यांशी, कुशनचा, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ कडेचा संबंध फक्त नाक आणि तोंड यांच्याशी. नाकाच्या दांडीवरून जाणाऱ्या मास्कसाठी तोंड किंचित उघडं ठेवून मोजायचं: वर नाकाच्या दांडीचा खोलगट भाग, खाली खालच्या ओठाच्या लगेच खालची खाच. कुशनची वरची कड त्या खोलगट जागी आणि खालची कड त्या खाचेत बसली पाहिजे. मास्क मोठा झाला की वरची कड डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे सरकते, आणि तिथे हाड इतकं उंचसखल आहे की कुशनला धरून बसायला जागाच मिळत नाही. तुमच्या यजमानांच्या डोळ्यांत हवा जाते ती बहुधा याचमुळे. जवळजवळ प्रत्येक कंपनीचा मोजमापाचा कागद किंवा पट्टी असते, ती मागून घ्या. दोन साइझच्या मधे माप आलं तर मी आधी लहान साइझ घालून बघायला सांगते. आणि हो, माप कवळी काढून घ्यायचं. वरची कवळी निघाली की वरचा ओठ आणि गाल आत जातात. कवळी घालून दुकानात बसवलेला मास्क कवळी काढून झोपणाऱ्या माणसाला बसत नाही, यात मास्कचा काय दोष? कवळी ठेवून झोपू नये असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तेच खरं, आपण मास्क त्या चेहऱ्याला बसवू.

‘पट्टे घट्ट करा’ हा सल्ला ऐकला की मला राग येतो. सिलिकॉनचं कुशन दुहेरी असतं. चेहऱ्याला टेकणारा पापुद्रा पातळ असतो, आणि मशीनची हवा त्याच्यामागे भरून तो चेहऱ्यावर फुगतो. गळती रोखतो तो हा फुगलेला पापुद्रा. पट्टे आवळले की पापुद्रा चेपतो, त्याला सुरकुत्या पडतात, आणि सुरकुतीतून हवा शिट्टी वाजवत बाहेर पडते. म्हणून घट्ट केल्यावर वळही वाढतो आणि शिट्टीही. खालचे पट्टे गरजेपेक्षा जास्त ओढले तर मास्कची वरची बाजू चेहऱ्यापासून उचलली जाते, हा आणखी एक प्रकार. बरेच जण डोळ्यांत हवा गेली की नेमके खालचेच पट्टे ओढतात.

आज रात्री हे करून बघा, नवा मास्क यायच्या आधीच. चेहरा साबणाने धुऊन पुसा, क्रीम किंवा तेल काही नको, त्याने कुशन घसरतं आणि सिलिकॉनही लवकर खराब होतं. यजमानांना नेहमीच्या उशीवर आडवं करा. सगळे पट्टे सैल सोडा. मशीन चालू करा. त्यात मास्क फिट नावाची सोय असेल तर ती लावा, म्हणजे थोडा वेळ मशीन रात्रीसारखं वाढलेलं प्रेशर देईल. नसेल तर मशीन देणाऱ्याला विचारा, पण डॉक्टरांनी ठरवलेलं प्रेशर स्वतः बदलू नका. आता मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढा, कुशन हवेने भरू द्या आणि अलगद परत टेकवा. मग पट्टे दोन्ही बाजूंना सारखे, थोडे थोडे घ्या, गळती थांबली की तिथेच सोडा. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. डोळ्यांशी हवा येत असेल तर खालचे पट्टे जरा सोडून वरचे जरा घ्या. मग त्यांना डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, जबडा सैल सोडून तोंड उघडायला सांगा. कुशीवर उशी मास्कला ढकलते का, तेही दिसेल. ढकलत असेल तर डोकं उशीच्या कडेला घेऊन मास्क कडेबाहेर राहू द्या. बसल्या बसल्या केलेली कुठलीही जुळवाजुळव मी धरत नाही.

आता प्रश्न, फुल फेस हवाच का. तुम्ही नाकाच्या मास्कचं विचारलंत ते बरं केलंत, कारण बाहेर तोंडाने श्वास म्हटलं की डोळे मिटून फुल फेस दिला जातो.

सीपॅपचा जन्मच नाकाच्या मास्कने झाला. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपचार शोधला आणि १९८१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा हवा नाकातूनच दिली होती. त्यामागचं तंत्र असं: नाकातून आलेली हवा मऊ टाळू आणि जीभ यांना पुढे लोटते आणि घसा उघडा धरते. तोंडावरही तेच प्रेशर आलं की टाळूच्या आणि जिभेच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा होतो, पुढे लोटणारी शक्ती कमी पडते. शिवाय फुल फेस मास्कचे खालचे पट्टे जबड्याला मागे दाबतात, त्याबरोबर जीभही मागे जाते. म्हणून नाकाचे आणि फुल फेस मास्क यांची तुलना केलेल्या अभ्यासांत फुल फेस वापरणाऱ्यांना सरासरीने जास्त प्रेशर लागतं, गळती जास्त होते, अडणारे श्वास थोडे जास्त उरतात आणि मास्क वापरण्याचं प्रमाणही कमी दिसतं. सरासरीने, हा शब्द महत्त्वाचा. फुल फेसवर छान झोपणारी माणसं भरपूर आहेत.

आणखी एक. अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा हा आजार असलेली माणसं तोंड उघडतात त्याचं एक कारण घसा बंद पडणं हेच असतं. जीव गुदमरला की तोंड उघडतं. नाकातून हवा मिळायला लागली आणि घसा उघडा राहिला की त्यातल्या काहींचं तोंड आपोआप मिटतं. पण यासाठी नाक चालू हवं. तुमच्या यजमानांची उजवी नाकपुडी वर्षानुवर्षं बंद आहे, वर प्रेशर १४ पर्यंत जातं. या अवस्थेत नाकाचा मास्क दिला तर हवा तोंडातून बाहेर पडेल, घसा कोरडाठाक होईल आणि ते तोही मास्क काढून फेकतील. तेव्हा आत्ता फुल फेसच. फक्त कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नाक दाखवून घ्या: पडदा वाकडा आहे, कोंब वाढलाय की नुसती अॅलर्जीची सूज आहे? सूज असेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुणं, डॉक्टरांनी दिलेला स्प्रे आणि मशीनचा हवेत ओलावा घालणारा गरम ह्युमिडिफायर यांनी बराच फरक पडतो. नाक मोकळं झाल्यावर नाकाचा मास्क काही रात्री वापरून बघा. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायची फॅशन निघाली आहे, ती मात्र तुमच्या घरात नको. नाक चोंदलेल्या माणसाचं तोंड चिकटवायचं म्हणजे कमाल आहे.

म्हणजे आता फुल फेसमधला कोणता, एवढाच प्रश्न राहिला. दोन घराणी आहेत. एक नाकाच्या दांडीवरून जाणारं, तुमच्याकडे आहे तसं. दुसरं नाकाच्या खाली थांबणारं. त्याचं कुशन वर नाकपुड्यांना खालून टेकतं आणि तोंड झाकतं, नाकाची दांडी मोकळी राहते. वळ उठत नाही, चष्मा लावून वाचता येतं, डोळ्यांसमोर काही नसल्यामुळे घुसमटल्यासारखं कमी होतं. तुमच्या तक्रारी वाचून कुणीही हे दुसरं घराणं सुचवेल. मीही सुचवलं असतं. पण मिशी आड येते.

जुन्या पद्धतीच्या मास्कमध्ये मिशी कुशनच्या आत राहते, कडेखाली येत नाही, त्यामुळे नुसत्या मिशीने तिथे फारसं बिघडत नाही. तिथे घात करते ती दाढी. नाकाखालच्या मास्कची कड मात्र नेमकी नाकपुडी आणि वरचा ओठ यांच्या मधे बसते, म्हणजे झुपक्यावरच. केसांतून हवा निसटणार, आणि प्रेशर १३-१४ ला गेल्यावर जास्तच. तेव्हा यजमानांपुढे सरळ निवड ठेवा: मिशी तशीच ठेवायची असेल तर दांडीवरचाच मास्क, पण योग्य, बहुधा लहान साइझचा. नाकाची दांडी मोकळी हवी असेल तर मिशी नाकाखाली बारीक कातरायची. पूर्ण काढायची गरज नाही. मिशीबद्दल पुरुषांशी वाद घालायचा मी केव्हाच सोडून दिलाय, त्यामुळे निर्णय त्यांच्यावर सोपवा.

माझं मत विचाराल तर मिशीला हात न लावता आधी मिडियम, दांडीवरचा, बिनचुंबकाचा मास्क पाहा. नावं हवी असतील तर फिशर अँड पायकेलचे सिम्प्लस आणि व्हिटेरा दांडीवरचे आहेत, त्यांचाच इव्होरा फुल नाकाखालचा. रेसमेडचे एअरफिट एफ२०, एफ३०, एफ३०आय आणि फिलिप्सचे अमारा व्ह्यू, ड्रीमवेअर फुल फेस हेही खूप चालतात, पण वर सांगितलेल्या चुंबकाच्या इशाऱ्यांत ही नावं होती. तेव्हा बिनचुंबकाचा प्रकार असल्याची खात्री झाल्याशिवाय त्यांना हात लावू नका. मॉडेल बदलत राहतात. खोक्यावरची सूचना वाचा आणि टाचणी जवळ ठेवा. ‘सगळ्यात चांगला’ म्हणून एकच नाव देण्यात अर्थ नाही, कारण नाकाची दांडी किती उंच, हनुवटी किती मागे, गाल किती भरलेले यावर एकाच मास्कचं एकाकडे कौतुक होतं आणि दुसऱ्याकडे तो कपाटात पडतो. घेण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: काही रात्री वापरून बसला नाही तर साइझ किंवा प्रकार बदलून मिळेल का. आणि दुकानात आडवं पडून, मशीन लावून बघू देतात का. देत नसतील तर दुसरीकडे जा.

फोमचं कुशनही मिळतं. नाकावर ज्यांना सतत वळ उठतात त्यांना ते मऊ लागतं, लवकर बसतं. पण ते पाण्याने धुता येत नाही, फक्त पुसायचं, आणि सिलिकॉनच्या मानाने लवकर बदलावं लागतं. सिलिकॉनचं कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने धुवायचं, उन्हात वाळवायचं नाही. कडक, पिवळट किंवा लिबलिबीत झालं की ते बदलायची वेळ झाली. कित्येकदा लोक नवा मास्क आणतात आणि खरं तर फक्त कुशन थकलेलं असतं.

मास्क बदलला की मशीनमध्येही सांगावं लागतं. बऱ्याच मशीनमध्ये पिलोज (नाकपुड्यांशी बसणारा), नेझल (नाकाचा), फुल फेस असा मास्कचा प्रकार निवडायची जागा असते, कारण प्रत्येकाच्या व्हेंटमधून हवा वेगळी जाते आणि गळतीचा हिशेब त्यावर होतो. मग रोज सकाळी दोन आकडे बघा: गळती आणि उरलेला एएचआय, म्हणजे तासाला अडलेले श्वास. काही मशीन नुसतं हिरवं-लाल चिन्ह दाखवतात. रेसमेडच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती गेली की ती जास्त धरली जाते. व्हेंटमधून जाणारी हवा यात मोजलेली नसते. उरलेला एएचआय साधारणपणे ५ च्या खाली यायला हवा. गळती मोठी असेल तर ऑटो मशीनचाही अंदाज चुकतो, त्यामुळे आधी गळती आवरा आणि मगच एएचआयवर विश्वास ठेवा. गळती आवरली तरी आकडा वरच राहिला, तर तो मास्कचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरांचा होतो.

रात्री काढून फेकण्याबद्दल त्यांच्यावर चिडू नका, बहुतेकांचं ते झोपेतच होतं, सकाळी आठवतही नाही. संध्याकाळी टीव्ही बघताना, जागेपणी अर्धा तास मशीन लावून बसायची सवय लावा, म्हणजे घुसमट कमी होईल. रात्री शिट्टी वाजली तर तुम्ही पट्ट्यांना हात लावू नका. मास्क बोटभर उचलून परत टेकवा, पापुद्रा पुन्हा फुगतो आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. एक मात्र बघून ठेवा: अंधारात, एका हाताने, तुमच्या मदतीशिवाय मास्क त्यांना स्वतःला काढता आला पाहिजे. फुल फेस मास्कमध्ये उलटी झाली तर ती आतच राहते आणि श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून ज्या रात्री मळमळतंय किंवा उलट्या होताहेत, त्या रात्री मास्क लावायचा नाही.

तासाला ३८ हा आकडा तीव्र गटातला आहे, ३० च्या वर तो गट सुरू होतो. त्यामुळे आत्ताच्या मास्कला चुंबक नसेल तर मास्क बदलेपर्यंत मशीन बंद ठेवू असं करू नका, मिळतील तितके तास लावा. दिवसा डुलक्या येताहेत तोपर्यंत गाडी त्यांच्या हातात देऊ नका. नाकावरचा वळ सकाळी तासाभरात जात नसेल, कातडी सोलली असेल किंवा डोळ्यांतून चिकट पाणी येत असेल तर दाखवून घ्या. आणि पेसमेकरच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा सीपॅप सुरू केल्याचं त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, मास्क सोबत न्या.